फ्लेक्सच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी: जाड आणि चिंचोळे फॉन्ट

मी नाशिकला शालिमारजवळच्या एका दुकानात कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकलो, आणि तेव्हा नाव जागेत बसत नसलं की आम्ही सरळ बाजूने धरून आत ढकलायचो, सगळेच तसं करायचे. मग एका द्राक्षवाल्याचं 20 बाय 10 फुटांचं होर्डिंग गंगापूर रोडला लागलं आणि मी मुद्दाम बघायला गेलो, तर 'द्राक्ष'मधला क्ष म्हणजे नुसता काळा डाग. खूप वाईट वाटलं, कारण त्या माणसाचा धंदाच त्या शब्दावर होता.

असं का होतं ते नीट समजून घ्या. अक्षर आडवं दाबलं की उभे काने बारीक होतात पण शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते, आणि अक्षराच्या पोटातली पांढरी जागा मिटते. मुळातच चिंचोळा काढलेला फॉन्ट असेल तर डिझायनरने काना आणि शिरोरेषा एकमेकांना जुळवलेल्या असतात, पांढरी जागा राखलेली असते. म्हणून तो लांबूनही वाचता येतो आणि कमी जागेत मोठ्ठा दिसतो. 1965 चा इम्पॅक्ट इंग्रजीत याच कामाचा, बेबास न्यूही तसाच, पण दोघांतही देवनागरी नाही, त्यामुळे मराठी टाइप केलं की सिस्टिम दुसराच फॉन्ट लावते आणि नवीन मुलं गोंधळतात.

मराठीसाठी टेको बघा, उभट चौकोनी वळणाचा आहे, 2014 पासून गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, धंद्याच्या कामाला पण चालतो. 'अनेक देवनागरी' नावाचा फॉन्ट तर माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात रुंदी 75 पासून 125 टक्क्यांपर्यंत पाहिजे तेवढी करता येते आणि अक्षर बिघडत नाही, म्हणजे दाबायची गरजच संपली!

असा चिंचोळा फॉन्ट वापरायचा फक्त मथळ्याला, दुकानाच्या नावाला, तारखेला. पत्ता आणि खालचा मजकूर यात टाकू नका, वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळी फार चिकटवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, तिथे जरा मोकळं सोडा.

फॉन्ट ठरवताना मी 'त्र्यंबकेश्वर', 'सिंहस्थ' आणि 'द्राक्ष' टाइप करून बघतो, आपल्याकडची निम्मी कामं या शब्दांचीच असतात आणि जोडाक्षरं इथेच अडकतात. मग ए-फोरवर आडवी प्रिंट काढून भिंतीला लावायची आणि पाच फुटांवरून वाचायची. कागद जवळपास एक फूट रुंद असतो, म्हणजे 20 फुटी होर्डिंग 100 फुटांवरून जसं दिसेल साधारण तसंच. क्ष भरलेला दिसला तर एक वजन (म्हणजे अक्षराची जाडी) कमी करा, बोल्डऐवजी सेमीबोल्ड घ्या. प्रिंटिंगला फाइल देताना कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून, मग ती टाइप करून बदलता येत नाहीत, पण टेक्स्टवाली कॉपी आपल्याकडे ठेवा, पार्टी रात्री दहाला फोन करून नाव बदलायला सांगतेच.