एसव्हीएनवरून गिटवर आलात आणि साइट मंदावली? या चुका टाळा

एसव्हीएन आणि गिट ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं. कोड गिटवर नेला की दोन दिवसांत तक्रार येते, साइट जड झाली. लगेच कुणीतरी सर्व्हरची रॅम वाढवायला निघतो. तो खर्च करण्याआधी डिप्लॉय, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवणं, कसा होतोय ते बघा.

माझ्या एका कामात आठवडा यात गेला. कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट यायला लागणारा वेळ मोजला, पूर्वीइतकाच. डेटाबेस शांत. तरी रोज येणारे लोक म्हणत, पान उशिरा उघडतं. आम्ही तपासत होतो ब्राउझरमध्ये 'डिसेबल कॅश'वर टिक ठेवून, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या प्रती (कॅश) न वापरता, मग फरक दिसणार कसा? टिक काढली आणि कळलं: जिथे ३०४ (बदल नाही, जपलेली प्रतच वापर) यायला हवं, तिथे प्रत्येक सीएसएस आणि चित्रासाठी २०० (पूर्ण फाइल पुन्हा घे) येत होतं.

गिट फाइलची जुनी वेळ जपत नाही, चेकआउटची वेळ लागते. आधी सर्व्हरवर एसव्हीएन अपडेट चालायचं, ते बदललेल्या फाइलींनाच हात लावायचं. नव्या स्क्रिप्टमध्ये दर वेळी ताजा क्लोन, म्हणजे सगळा कोड नव्याने उतरवणं. अपाचे आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर ईटॅग (फाइल बदलली का हे ब्राउझरला कळायची खूण) बनवतात तो फाइलची वेळ आणि आकार धरून. एका ओळीच्या बदलापायी सगळ्यांची कॅश बाद होत होती. तेव्हापासून मी फाइलच्या नावातच मजकुराचा हॅश (मजकूर बदलला तरच बदलणारा संकेत) घालतो आणि कॅशची मुदत वर्षभराची ठेवतो. मग क्लोन कितीदाही करा.

दुसरी चूक मला खरोखर सहन होत नाही: इतिहास फेकून नुसता आजचा कोड 'इनिशियल कमिट' म्हणून टाकणं. उद्या साइट कुठल्या बदलाने मंदावली हे बायसेक्टने (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधणारी गिटची कमांड) शोधणार कशात? एसव्हीएनचा इतिहास गिटमध्ये आणणाऱ्या गिट-एसव्हीएनला रात्रभर लागत असेल तर लागू द्या. त्याआधी प्रत्येक युजरनेमसमोर नाव आणि ईमेल लिहिलेली ऑथर्स फाइल बनवा. नंतर दुरुस्त करायचं तर सगळ्या कमिटचे (नोंदलेल्या बदलांचे) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतात.

गिट-एसव्हीएनमधून टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) ब्रँच (कोडच्या वेगळ्या शाखा) होऊन येतात, ते खरे टॅग करून घ्या.

रिकामं फोल्डर गिट ठेवत नाही. कॅशचं फोल्डर असं गायब झालं तर काही ॲप्लिकेशन मुकाट्याने दर विनंतीला पान नव्याने बांधतात. मी डिप्लॉय स्क्रिप्टमध्येच ते बनवतो.

आणि गिटचा इतिहास ठेवणारं डॉट-गिट फोल्डर वेबरूटमध्ये (साइटच्या जाहीर फोल्डरमध्ये) उघडं नाही ना, ते आजच बघा. तिथून कोड आणि त्याचा इतिहास कुणीही उतरवून घेऊ शकतो.