उत्तर फ्रान्सच्या जुन्या कोळसापट्ट्यात पायी फिरताना या चुका टाळा

बेल्जियमच्या सीमेलगत, बेत्यून, लाँस, दुए आणि वालाँस्येन या गावांना जोडणारा सुमारे १२० किलोमीटर लांबीचा पट्टा पावणेतीनशे वर्षे कोळशावर जगला. १७२० मध्ये फ्रेन-स्यूर-एस्को येथे पहिला कोळसा हाती लागला आणि २१ डिसेंबर १९९० रोजी ओन्यीच्या खाणीतून शेवटचा कोळसा वर आला. त्यानंतर खाणींचे आवार, ढिगारे आणि खचलेल्या जमिनीवर साचलेली तळी हळूहळू चालणाऱ्यांसाठी खुली झाली. २०१२ मध्ये युनेस्कोने या पट्ट्यातील १०९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिल्यापासून तेथे पदभ्रमंतीसाठी येणाऱ्यांत परदेशी पाहुण्यांचीही भर पडली आहे. युरोपात शिकणारे किंवा नोकरी करणारे मराठी वाचक पॅरिसहून आठवड्याअखेरीस तेथे सहज जाऊ शकतात. मात्र तेथील टेकड्या माणसाने रचलेल्या आहेत, बरीचशी तळी जमीन खचून झालेली आहेत, आणि या भूमीतील हालचाल अजून पूर्णपणे थांबलेली नाही, हे लक्षात न घेतल्याने पुढील बहुतेक चुका होतात.

ढिगाऱ्याला साधी टेकडी समजणे

कोळशासोबत वर आलेला निरुपयोगी खडक जिथे टाकला गेला, त्या ढिगाऱ्याला तेथे ‘तेरिल’ म्हणतात. लोस-आँ-गोएल येथील ७४ आणि ७४अ या क्रमांकांचे जोडढिगारे युरोपातील सर्वांत उंच ढिगाऱ्यांत गणले जातात. त्यांचे माथे समुद्रसपाटीपासून सुमारे १८५ मीटरवर आहेत. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तेथेच घोटाळा होतो. सह्याद्रीचा कातळ पायाखाली टिकून राहतो. येथे मात्र पाटीसारख्या काळ्या खडकाच्या सुट्या चकत्या असतात आणि त्या प्रत्येक पावलागणिक खाली सरकतात. पावसाच्या ओहळांनी कोरलेल्या घळीतून थेट माथा गाठण्याचा मोह टाळावा, कारण चढताना निभावले तरी उतरताना तेथे पाय ठरत नाही. शिवाय अशा आडवाटेने गेलेल्या प्रत्येक माणसामागे घळ आणखी खोल होते आणि मोठ्या कष्टाने रुजलेली बर्चची रोपे उपटली जातात. आखलेली वाट वळसे घेत असली तरी तीच धरावी. घोट्यापर्यंतचे बूट आणि चालण्याच्या दोन काठ्या असाव्यात. बुटात खडे जाऊ नयेत म्हणून नडगीवर कापडी पट्टा बांधला तर उतरण अधिकच सुखकर होते. घसरू लागल्यास मागे रेलून बसू नये. गुडघे किंचित वाकवून, टाच रोवत, लहान पावलांनी तिरके उतरावे.

चंद्रपूर-वणी भागातील वाचकांना खाणीचे ढिगारे नवे नाहीत. परंतु ते मुख्यतः खुल्या खाणींवरून काढून टाकलेल्या मातीचे आणि मुरमाचे असतात. येथील ढिगारे भूमिगत खाणींतून आलेले असून जुन्या शंकूच्या आकाराच्या ढिगाऱ्यांत कोळशाचा अंशही बराच शिल्लक राहिला. पुढची चूक त्यातूनच उद्भवते.

वाफ, वास आणि लाल खडक यांकडे दुर्लक्ष करणे

शिल्लक कोळसा आणि खडकातील लोह-गंधकयुक्त खनिज यांचा हवेशी संयोग झाला की उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडू शकली नाही तर ढिगारा आतून पेट घेतो आणि वर ज्वाळा न दिसताही अनेक दशके धुमसत राहतो. अशा ठिकाणी काळा खडक भाजून विटकरी किंवा गुलाबी होतो. जळण पूर्ण झालेल्या ढिगाऱ्यातही हाच लाल खडक सापडत असल्याने केवळ रंगावरून घाबरण्याचे कारण नाही. परंतु रंगाच्या जोडीला थंड सकाळी जमिनीतून निघणारी वाफ, गंधकाचा वास, किंवा भोवती बर्फ असताना मध्येच उघडा राहिलेला तुकडा दिसला, तर खाली आग जिवंत आहे असे समजावे. तेथे पृष्ठभागाचे कवच पातळ असू शकते, खाली पोकळी असू शकते, आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायूही बाहेर पडत असू शकतो. १९७५ मध्ये कालोन-रिकुआर येथील जळत्या ढिगाऱ्याच्या स्फोटात माणसे मृत्युमुखी पडली होती, त्यामुळे कुंपणे आणि फलक केवळ औपचारिकतेसाठी लावलेले नाहीत.

अनवधानाने अशा जागी पोहोचलात, तर ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरावे. पुढे वाट जवळची दिसते म्हणून ओलांडून जाऊ नये. गरम जमिनीवर बसू नये आणि हात शेकण्यासाठी भेगेवर वाकू नये. हे सांगावे लागते, कारण हिवाळ्यात लोक नेमके तेच करतात. डोके जड वाटू लागल्यास लगेच वाऱ्याच्या मोकळ्या बाजूला यावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

दगडांत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या नेच्यांचे ठसे सापडतात, त्यांच्या लोभाने उतार खणणे हीदेखील अशीच चूक आहे. खणल्याने उतार ढासळतो, आणि यांतील अनेक ढिगारे संरक्षित आहेत. पायाखालचा ठसा पाहावा, छायाचित्र घ्यावे, आणि दगड तेथेच ठेवावा.

ढिगाऱ्यांवरून दिशा ठरवणे

सपाट प्रदेशात दुरून दिसणारा काळा सुळका ही भरवशाची खूण वाटते. परंतु ढिगारे एकमेकांसारखे दिसतात, बाजू बदलली की दोनांचा एक होतो, आणि रस्तेबांधणीसाठी खडक उचलल्यामुळे काही ढिगारे बुटके झाले, तर काही साफ नाहीसे झाले. म्हणून जुना नकाशा किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली खूण येथे दगा देऊ शकते. फ्रेंच राष्ट्रीय भूगोल संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा ताजा नकाशा जवळ असावा. त्याहून मोठी अडचण सरळ रेषेत अंतर मोजल्याने होते. नकाशावर दोन किलोमीटरवर दिसणारे गाव कालवा, लोहमार्ग किंवा महामार्ग यांच्या पलीकडे असते आणि ओलांडण्याचा पूल भलत्याच दिशेला निघतो. तेव्हा घरून निघतानाच आधी पूल शोधावेत आणि मग वाट आखावी.

वाटेवर रंगवलेल्या खुणांत पिवळी पट्टी स्थानिक वाटेची, पांढरी-लाल जोडपट्टी लांब पल्ल्याच्या वाटेची आणि पिवळी-लाल जोडपट्टी प्रादेशिक वाटेची असते. फुलीचा अर्थ ‘या बाजूला जाऊ नका’ असा आहे. बराच वेळ एकही पट्टी दिसली नाही, तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या पट्टीपर्यंत परतावे. खाणींच्या जुन्या मालगाड्यांचे मार्ग आता चालण्यासाठी मोकळे केले आहेत आणि त्यांवर वाट चुकणे कठीण असले, तरी काही मार्ग महामार्गाशी येऊन तुटतात.

पाण्याच्या काठावर विश्वास ठेवणे

माझ्या मते या प्रदेशाचा सर्वांत सुंदर भाग ढिगारे नसून पूर्वेकडील पाणथळ जागा आहेत, आणि सर्वांत फसवा भागही तोच आहे. स्कार्प आणि एस्को नद्यांच्या खोऱ्यांत दलदल पूर्वीपासून होती. मध्ययुगात मठवासीयांनी तिचा बराच भाग चर खणून कोरडा केला. नंतर खाली कोळसा काढल्याने वरची जमीन काही ठिकाणी कित्येक मीटर खचली, तेथे पाणी साचले, आणि काही वस्त्या आजही केवळ उपसा पंप अखंड चालू असल्यामुळे कोरड्या राहतात. रेमच्या जंगलातील मार आ गोर्यो हे तळे याच खचण्यातून विसाव्या शतकात तयार झाले. काँदे-स्यूर-लेस्कोजवळील शाबो-लातूरची तळीही त्याच प्रकारची आहेत. २०२० मध्ये या दोन्ही खोऱ्यांना रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

अशा तळ्याचा काठ झिजून घडलेला नसतो, तर खचून तुटलेला असतो. पाण्याखाली बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा आणि एकाएकी खोल होणारा तळ असू शकतो. म्हणून परवानगीचा स्पष्ट फलक नसेल तेथे पोहू नये. पाण्यावर हिरवट-निळी साय धरलेली दिसली, तर हातही घालू नये. व्रेद येथील पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली थराच्या) राखीव क्षेत्रात लाकडी फळ्यांची वाट आहे, ती सोडून छायाचित्रासाठी एक पाऊल बाजूला टाकणे पुरेसे महागात पडते. पाय रुतल्यास जोराने उपसू नये, कारण त्यामुळे दुसरा पाय अधिक रुततो. पाठपिशवी काढून काठीसह पुढे आडवी टाकावी, अंग तिच्यावर झोकावे आणि पाय हळूहळू फिरवत मोकळा करावा.

वसंतात येथे नीलकंठी लहान पक्षी आणि बगळ्यांच्या जातीचे लाजरे पक्षी बोरूच्या बेटांत घरटी करतात, त्यामुळे काही वाटा त्या काळात बंद असतात. शरद ऋतूपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, म्हणून रविवारी जंगलात भडक रंगाचे कपडे घालावेत आणि ‘शिकार सुरू आहे’ असा फलक दिसताच दुसरी वाट धरावी.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

आरेनबेर्गच्या जंगलातील दगडी फरसबंदीचा रस्ता पॅरिस-रूबे सायकलशर्यतीमुळे जगभर ओळखला जातो. पावसानंतर त्याच्या शेवाळलेल्या दगडांवर घोटे मुरगळतात, म्हणून कडेच्या मातीवरून चालावे. खेड्यांतील दुकाने दुपारी बंद असतात, रविवारी बसगाड्या विरळ असतात, तेव्हा पाणी आणि खाणे सोबत ठेवावे. शाकाहाऱ्यांनी टपरीवरील बटाट्याचे तळलेले काप निर्धास्तपणे घेऊ नयेत, कारण या भागात ते पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत तळले जातात. तेल कोणते, हे आधी विचारावे. विटांच्या खाणकामगार वसाहतींत आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे खिडक्यांची छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी मागावी. १० मार्च १९०६ रोजी कूर्येरच्या खाणीत १,०९९ जण दगावले, आणि त्यांचे वंशज याच गावांतून राहतात, हे ठाऊक असले की गावकऱ्यांशी बोलणे आपोआप सौम्य होते.

उंच गवतातून चालून आल्यावर गोचिडी तपासणे मात्र किरकोळ मानू नये. काख, गुडघ्यामागची घडी आणि केसांची रेषा त्याच संध्याकाळी पाहावी. गोचीड चिकटलेली आढळल्यास तिच्यावर तेल किंवा स्पिरिट ओतू नये; औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लहान आकड्याने ती मुळाशी पकडून काढावी आणि जागा निर्जंतुक करावी. पुढील महिनाभर त्या जागेभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ उमटते का, याकडे लक्ष ठेवावे. हे लाइम रोगाचे लक्षण असून वेळेवर प्रतिजैविके घेतल्यास तो बरा होतो. तोपर्यंत भारतात परतला असाल, तर डॉक्टरांना फ्रान्समध्ये गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे, कारण आपल्याकडे हा रोग क्वचितच दिसतो आणि प्रवासाची माहिती नसेल तर त्याची शंका सहसा येत नाही.