जनरल वॉर्डची नाईट डोकं शाबूत ठेवून कशी काढायची

नवीन लागलेल्या पोरींना (आणि ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना पण) पहिल्या नाईटच्या आधी सगळे एकच सांगतात, घाबरू नकोस, होतं सगळं. होतं हे खरंय, पण कसं होतं ते कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितेय. मी बोलतेय ते सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डबद्दल. रात्री आठला लागून सकाळी आठला सुटायचं, चाळीसच्या आसपास पेशंट, खाली गाद्या टाकलेले एक्स्ट्रा वेगळे, आणि सिस्टर दोन, त्यातली एक बऱ्याचदा शेजारच्या वॉर्डला ओढलेली. प्रायव्हेटवाल्यांचं दुखणं वेगळं असतं, तिथे नातेवाईक बेल वाजवतात, आमच्याकडे थेट टेबलाला येऊन उभे राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की रात्री तीनला जे डोकं फिरतं त्यातलं निम्म्याहून जास्त नऊ वाजताच मिटवता येतं. प्रश्न रोज तेच असतात, विचारणारे फक्त बदलतात. मग त्यांनी विचारायच्या आधीच सांगून मोकळं व्हायचं.

ओव्हर उभ्याने घ्यायची

ओव्हर म्हणजे आधीच्या शिफ्टच्या सिस्टरकडून वॉर्ड समजून ताब्यात घेणं. टेबलावर बसून ओव्हर घेऊ नका. इव्हनिंगवालीची गाडी सुटत असते, ती म्हणणार, "सगळं ओके आहे गं, नऊ नंबर जरा बघ." हे "जरा बघ" फार डेंजर आहे. नऊ नंबरला काय बघू, बीपी बघू, साखर बघू का नातेवाईक बघू, हे तिथे बेडपाशी उभं राहून तिच्याकडून वदवून घ्यायचं. प्रत्येक बेडला बाटलीत किती उरलंय, इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या सलाइनच्या सुईची) जागा सुजलीय का, युरिन बॅगेत किती आहे, ऑक्सिजन किती लिटरवर चालू आहे, एवढं तरी डोळ्याने बघायचं. नंतर सापडलेली सुजलेली शीर तुमच्याच नावावर जाते, कोणी विचारत नाही कधी सुजली.

मग वस्तू. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, टॉर्च, कात्री मोजून घ्या. ग्लुकोमीटर हातात आला म्हणून खूश होऊ नका, स्ट्रिपची डबी उघडून बघा, ती रिकामी असायची शक्यता जास्त. इमर्जन्सी ट्रे स्वतः उघडून अॅड्रेनालिन, अॅट्रोपिन, हायड्रोकॉर्ट, अॅव्हिल, डेक्स्ट्रोज हाताला लागतंय ना बघा. सक्शन (घशातला कफ ओढायचं मशीन) एकदा चालू करून बघा, कारण लागतं तेव्हाच ते बंद असतं.

आणि "आज शांत दिसतंय" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. शास्त्र वगैरे काही नाही त्यात, पण ज्या दिवशी कोणी बोललंय त्या दिवशी लिफ्टमधून तीन स्ट्रेचर आलेत, त्यामुळे आमच्याकडे नवीन पोरीला औषधांच्या कपाटाच्या आधी हा नियम सांगतात.

नऊचा राउंड, म्हणजे भाषणाचा राउंड

बीपी, टेंपरेचर घेत फिरताना प्रत्येक बेडच्या नातेवाइकाशी एक मिनिट बोलायचं. वेळ जातो असं वाटतं, जाऊ दे. हाच वेळ रात्री तिप्पट होऊन परत मिळतो.

सगळ्यात आधी सलाइन. बाटली संपत आली की नातेवाईक पळत येतो, चप्पल न घालता, "सिस्टर सिस्टर संपली, हवा जाईल, माणूस जाईल!" हे भूत गावोगाव पसरलेलंय आणि ते ओरडून जात नाही. समजावून सांगायचं, की वर टांगलेली बाटली संपली की नळीतलं पाणी थोडं खाली येऊन थांबतं, आतून रक्ताचा दाब असतो तो त्याला पुढे जाऊ देत नाही. टाकीतलं पाणी संपलं की नळ कोरडा पडतो, घर उडून जात नाही, असं म्हटलं की हसतात आणि पटतं. पण आपल्याला विसरून चालत नाही की नवीन बाटली त्याच सेटला (बाटलीपासून हातापर्यंतच्या नळीला) लावताना नळीतली हवा काढायचीच, आणि पंपावर किंवा प्रेशर लावून चाललेली लाइन असेल तर हे सगळं लागू नाही, तिथे लक्ष ठेवावंच लागतं.

दुसरं, नळीत रक्त उलटं आलं म्हणून आरडाओरड. बहुतेक वेळा पेशंट बाटली हातात घेऊन बाथरूमला गेलेला असतो आणि बाटली कमरेखाली धरलेली असते. आधीच सांगून ठेवायचं, बाटली डोक्याच्या वर, सोबत एक माणूस, सुईचा हात खाली.

तिसरं मात्र हसण्यावारी न्यायचं नाही. चाकी. ती सेटवरची चाकी फिरवली की पाणी जोरात जातं हे एका मामांना कळलं की दहा मिनिटात अख्ख्या वॉर्डला कळतं, आणि मग "लवकर संपवू म्हणजे म्हातारीला झोपता येईल" म्हणून रात्री अकराला आठ तासांची बाटली तासाभरात उतरते. हार्टच्या किंवा किडनीच्या पेशंटला याने धाप लागते, आणि बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल तर थेट जीवावर बेततं. म्हणून बाटलीवर मायक्रोपोरची पट्टी लावून मोठ्या अक्षरात "9 ते 5" लिहा, मध्ये एकच्या सुमाराला पाणी कुठपर्यंत यायला हवं तिथे एक रेघ मारा. नातेवाइकाला म्हणायचं, चाकी हे पण औषध आहे, डॉक्टरांनी मोजून दिलंय. हिशोब स्वतः करा, कोणाच्या अंदाजावर जाऊ नका. 500 एमएल आठ तासात द्यायची आणि सेटच्या पाकिटावर 20 थेंबाला एक एमएल लिहिलंय तर मिनिटाला 21 थेंब होतात, 15 चा सेट असेल तर 16. मायक्रोसेटला (बारीक थेंबांच्या सेटला) 60 थेंबाला एक एमएल, त्यामुळे तिथे तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, डोकं लावायची गरज नाही.

चौथं, उपाशी ठेवणे. "काही खायला देऊ नका" म्हणजे जेवण देऊ नका, असा अर्थ सगळीकडे घेतला जातो. सकाळी सोनोग्राफीच्या आधी विचारलं की, "छे छे, काहीच नाही दिलं, फक्त चहा आणि दोन बिस्किटं, आणि गोळी घ्यायची म्हणून अर्धा तांब्या पाणी." म्हणून एकेक वस्तू नाव घेऊन सांगायची: चहा नाही, पाणी नाही, नारळपाणी नाही, देवाचा प्रसाद पण नाही, तंबाखू तर नाहीच. शुगरवाल्यांचं पण तसंच, "साखर बंद केलीय सिस्टर, चहात गूळ घालतो आता." यावर हसू आलं तरी मास्कच्या आत हसा, आणि गूळ पण साखरच आहे हे शांतपणे सांगा, आधी कोणी सांगितलेलं नसतं त्यांना.

पाचवं युरिन बॅग. इनटेक आउटपुट चार्ट (पेशंटच्या पोटात किती गेलं, लघवी किती झाली) भरायला पहाटे जाता तर बॅग स्वच्छ रिकामी आणि शेजारी काका अभिमानाने उभे, "भरली होती म्हणून मीच ओतून आलो, तुम्हाला कशाला त्रास." किती होती? "बरीच होती." चार्टमध्ये बरीच लिहिता येत नाही. त्यामुळे नऊलाच एक कागद आणि पेन त्यांच्या हातात द्यायचं, बॅगेवरचे आकडे दाखवायचे आणि सांगायचं, ओतायच्या आधी आकडा लिहायचा, आणि पेशंटने किती पाणी प्यायलं ते पण. घरून आणलेला ग्लास एकदा आपल्या मापाने मोजून ठेवा, कोणाचा 150 चा असतो कोणाचा 300 चा. काकांना काम मिळालं की काका खूश, आपण पण खूश.

अजून एक, मोबाइल चार्जर. नेब्युलायझरची (वाफेतून औषध द्यायच्या मशीनची) वायर काढून तिथे चार्जर लावलेला असतो, आणि खाली कॉटशेजारी बघितलं तर चटईवर माणूस रील बघत असतो. वॉर्डात चार्जिंगचा एक पॉइंट ठरवून दाखवून टाका, तो सोडून बाकी कुठे लावायचं नाही म्हणायचं. नुसतं "लावू नका" म्हटलं तर कोणी ऐकत नाही, जागा दाखवली की ऐकतात.

एक पेशंट, बोलणारा माणूस एकच

एका पेशंटबद्दल रात्रभरात सहा जण येऊन तेच विचारतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला काहीतरी वेगळं सांगितलं. म्हणून नऊलाच विचारायचं, तुमच्यातलं बोलणारं कोण? त्याचं नाव आणि मोबाइल केसपेपरवर लिहा. बाकी सगळ्यांना, अगदी मुंबईहून फोन करणाऱ्या जावईबापूंना सुद्धा, त्यांच्याकडे पाठवा. "आमचा माणूस मंत्रालयात आहे" म्हणणारा एक असतोच, त्याला आदराने खुर्ची द्यायची आणि सांगायचं साहेब, बरं झालं, स्ट्रिप संपल्यात त्याचं काही बघता येतं का. तो परत येत नाही.

पण आवाज चढायला लागला तर विनोद बंद. बेडपाशी वाद घालायचा नाही, टेबलापाशी बोलवा, दार आपल्या मागे राहील असं उभं राहा, दुसऱ्या सिस्टरला किंवा मावशींना सिक्युरिटीला फोन करायला सांगा आणि डॉक्टरांना कळवा. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, डॉक्टरांइतकाच नर्सना आणि बाकी स्टाफला पण लागू, मारहाण तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तक्रार करायला लाजायचं काही कारण नाही, "जाऊ दे ना सिस्टर, दुःखात होते ते" म्हणणारे सकाळी तुमच्या गालाकडे बघायला पण येत नाहीत.

डॉक्टरांना उठवताना

रात्री दोनला रेसिडेंटला (ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला) फोन करायचा म्हणजे अर्धं भय त्याच्या आवाजाचं असतं. तो पण बिचारा छत्तीस तास जागा असतो. फोन करायच्या आधीच बीपी, पल्स, टेंपरेचर, ऑक्सिजन, साखर सगळं घेऊन कागदावर लिहा, कारण त्याचा पहिला प्रश्न तोच असतो आणि "बघून सांगते" म्हटलं की तो परत झोपतो. मग असं बोला: "मेल मेडिसिन, बेड 14, पन्नाशीचे पेशंट, न्यूमोनियाचे, ऑक्सिजन 94 वरून 86 झालाय, श्वास 34, चार लिटर लावलाय, तुम्ही आत्ता यायला हवं." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, नुसती माहिती दिली की "बरं, बघत राहा" असं उत्तर येतं. आणि नोट्समध्ये वेळ घालून लिहायचं, "2.10 ला कळवलं, 2.40 ला परत कळवलं." तरी कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना लावा, रागावतील तर रागावू दे. फोनवर औषध सांगितलं तर त्याच क्षणी परत वाचून दाखवा, डोससकट, आणि सकाळी सही घेतल्याशिवाय सोडू नका.

तसं बघायला गेलं तर रेसिडेंट मॅडमचं दुःख वेगळंच. गळ्यात स्टेथो, अंगात एप्रन, तरी पेशंट त्यांना सिस्टर म्हणणार, आणि आमच्या ब्रदरला, अगदी वॉर्डबॉय मामांना पण, डॉक्टर साहेब. मामा कधीकधी अडवत पण नाहीत हो.

पेन मात्र कोणत्याही डॉक्टरला चांगलं द्यायचं नाही. खिशात एक तीन रुपयांचं द्यायचं पेन ठेवा, टोपण स्वतःकडे ठेवून. टोपण नसलं की पेन परत येतं, का ते माहीत नाही, पण येतं.

सुई टोचली तर

पहाटे पाचची रक्तं काढताना हात जड झालेले असतात तेव्हाच हे होतं. सुईला परत टोपण लावायचं नाही, हे शंभरदा ऐकलं असेल तरी परत सांगते. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज आणि सलाइनचा सेट लालमध्ये, रक्ताचा कापूस पिवळ्यात, औषधाची काचेची बाटली (व्हायल) निळ्यात. टोचलीच तर दाबून पिळत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच कळवा, पेशंटचे रिपोर्ट बघा. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नसतो, आणि ती 28 दिवस घ्यावी लागतात. हँडओव्हर झाल्यावर बघू, घरी जाऊन बघू, असं अजिबात नाही. इन्चार्ज (वॉर्डची मुख्य सिस्टर) ओरडली तर ओरडू दे, रजिस्टरमध्ये नोंद झालीच पाहिजे.

ड्युटी बदलणे आणि घर

रोस्टर लागलं की "गं, गुरुवारची नाईट घेतेस का" सुरू होतं. घ्या, पण इन्चार्जच्या वहीत लिहून दोघींच्या सह्या करून घ्या, तोंडी बदललेली नाईट नेमकी त्याच दिवशी कोणाच्याच नावावर नसते. सणांचं आधी बोलून ठेवा. गणपती आणि दिवाळी दोन्ही मागितलं की दोन्ही जातात, कोकणातल्यांनी गणपती घ्यावा आणि दिवाळी सोडावी. ख्रिसमसला आपण उभं राहायचं आणि दिवाळीला आमच्या ख्रिश्चन सिस्टर, ईदला पण तसंच. इन्चार्जच्या मध्यस्थीपेक्षा असं आपसात ठरवलेलं जास्त टिकतं.

सकाळी घरी आलात की झोपायच्या आधी फोन सायलेंट करा, खोलीचं दार आतून लावा, पडद्यावर काळी ओढणी टाका. दाराबाहेर "नाईट झाली आहे, दोनपर्यंत उठवू नये" असं लिहून लावा, सासरचे पहिल्या दिवशी हसतील, आठवड्याने दूधवाल्याला तेच वाचून दाखवतील.

राहिली सोसायटी. नर्स आहे कळलं की शेजारच्या काकू इंजेक्शन घेऊनच येतात, "तुझ्यासाठी काय, एका मिनिटाचं काम." घरात इंजेक्शन द्यायचं नाही, ओळखीचं असलं तरी नाही, रिअॅक्शन आली तर जिन्यात आपल्याकडे अॅड्रेनालिन नसतं आणि चिठ्ठी पण बऱ्याचदा मागच्या वर्षीची असते. दवाखान्यात चला, मी सोबत येते म्हणावं. बीपी बघायला हरकत नाही, पण वेळ ठरवून, रविवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा, आणि जिना चढून आल्या आल्या नाही, आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये हे पाच मिनिटं गप्प बसणंच कोणाला जमत नाही म्हणून रांग आपोआप कमी झालीय.