सेन्सरचा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, त्यामुळे दंडावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचा खर्च आमच्या घरात कायमचाच.

पाकिटावरची किंमत बघू नका, दिवसाचा खर्च काढा. १४ दिवसांचे सेन्सर वर्षाला २६ लागतात, १० दिवसांचे ३७. काहींचा ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचे आकडे फोनला पाठवणारा भाग, वेगळा असतो. डेक्सकॉम जी६ या सेन्सरचा ट्रान्समीटर दर ३ महिन्यांनी बदलावा लागतो. तोही धरा. तुमच्या फोनवर ॲप चालत असेल तर रीडरचे (आकडे दाखवणाऱ्या वेगळ्या यंत्राचे) पैसे वाचतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र घरात हव्यातच. सेन्सरचा आकडा एक सांगतो आणि अंगाला घाम फुटलाय, अशा वेळी बोटातून रक्त काढून खात्री करायची.

खरा पैसा जातो तो सेन्सर मुदतीआधी निघाल्यावर. दंडाची मागची बाजू धुवा, स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. इथे घाई नकोच. लोशन लावू नका. मुलगी ज्या खांद्यावर दप्तर अडकवते, तो हात आम्ही टाळतो. खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. सेन्सर मधेच बंद पडला तर कंपनीला कळवा, बरेचदा बदलून मिळतो.

इन्सुलिन घेत नसाल तर बारा महिने लावायची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. १४ दिवसांतली ७० टक्के नोंद असली तरी अहवाल उपयोगी पडतो, त्यामुळे तपासणीआधी एक सेन्सर पुरू शकतो. पण रात्री झोपेत साखर उतरत असेल तर काटकसर दुसरीकडे करा, इथे नाही.