गस्त पंधरा दिवसांत का बंद पडते? गावच्या पहाऱ्यातल्या या चुका टाळा

गावात चोरी झाली की पहिल्या रात्री पारावर चाळीस माणसं असतात. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या, चहाचं मोठं पातेलं. पोलीस पाटील नावं लिहून घेतात, एखादा उत्साही पोरगा दलाच्या टी-शर्टचा रंगही ठरवून टाकतो. पंधराव्या रात्री तिथे दोघंच उरतात, तेही मोबाइलवर रील बघत. आमच्या गावात ग्रामसुरक्षा दल दोनदा निघालं आणि दोनदा बसलं. तिसऱ्यांदा टिकलं. मधे जे चुकलं ते लिहितोय. त्यातली एक चूक माणसाच्या जिवावर बेतणारी आहे, तिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

सगळे एकाच रात्री जागतात

चाळीस जण चार रात्री जागले की पाचव्या दिवशी कुणाला दूध घालायला उठवत नाही, आणि सहाव्या रात्री बायको दाराला आतून कडी लावते. चार-चार जणांच्या दहा तुकड्या केल्या की एका माणसाची पाळी दहा दिवसांनी येते, एवढं साधं गणित आम्हाला दोन वर्षांनी सुचलं. रात्रीचेही दोन भाग करा, कारण पहिल्या भागात सगळ्यांनाच जोर असतो आणि दोन ते चार या वेळात पार रिकामा होतो. तीच वेळ खरी जपायची. आणि रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने शिट्टी वाजवत जाऊ नका. शिट्टीने चोर बिचकतो हे खरं, पण तुम्ही आत्ता कुठे आहात हेही त्याला फुकटात कळतं.

गस्त गावठाणात, चोरी शिवारात

रात्रभर फेऱ्या कुठे होतात? पार, शाळा, ग्रामपंचायत, परत पार. जिथे घराला घर लागून आहे आणि कुत्रं भुंकलं तरी एखादी म्हातारी ‘कोण हाय रं?’ म्हणून ओरडते, नेमकं तिथे. चोर मात्र विहिरीवर असतो. मोटार, स्टार्टर, केबल, ठिबकच्या नळ्या, डीपीतलं (ट्रान्सफॉर्मरमधलं) तांबं, खळ्यावरची सोयाबीनची पोती, वस्तीवरच्या शेळ्या हा त्याचा माल.

आणि केबल कापली जाते कधी? लाइट नसताना. थ्री-फेज चालू असताना तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही, शिवाय पाणी धरायला शेतकरी स्वतःच शिवारात फिरत असतो. लाइट गेली की तो घरी येऊन पडतो. चोरी झाल्याचं त्याला कळतं ते पुढच्या पाळीला, स्टार्टरचं बटण दाबल्यावर. म्हणून आम्ही गस्तीच्या पाळ्या लाइटचं वेळापत्रक शेजारी ठेवून आखल्या. ज्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट, त्या आठवड्यात रात्री शिवार ओस. तेव्हा फेऱ्या मळ्यांकडे वाढवायच्या. ओढ्याकाठी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर तिथे थांबून बघा. केबलचं आवरण जाळून तांबं मोकळं करतात, आणि भंगारात विकायला नेण्याआधी हे काम बऱ्याचदा जवळच कुठेतरी उरकलेलं असतं.

मोटार सापडली तरी ती तुमचीच हे सिद्ध कसं करणार? कंपनीची पट्टी चोर आधी उचकटतो. पंपाच्या जाड कास्टिंगवर गट नंबर आणि गावाचं नाव पंचने ठोकून घ्या, फोटो काढा, पावती त्याच फोल्डरला ठेवा. मोटार दुरुस्तीला वर काढलेली असेल तेव्हा दहा मिनिटांचं काम आहे. केबलला मात्र असा उपाय नाही, ती जळते. तिच्यावर रंग मारायला सांगणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका.

‘दोन हजारांची केबल, कुठे ठाण्यात जायचं?’

दहा वस्त्यांवरच्या दहा चोऱ्यांची ठाण्यात एकही नोंद नसेल तर कागदावर तुमचं गाव शांत असतं, आणि शांत गावाकडे रात्रीची गाडी का वळावी? नोंद कराच. पण नव्या कायद्यातली एक मेख माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे तिची एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. घरातून झालेली चोरी वेगळी, ती दखलपात्रच. तेव्हा तक्रारीत नुसतं ‘केबल गेली’ असं लिहू नका. केबल किती मीटर, स्टार्टर कोणता, पेटी, पाइप, प्रत्येकाची खरी किंमत मांडा. वाढवून लिहू नका, पण विसरूही नका.

मोबाइल चोरीला गेला असेल तर अर्जात ‘गहाळ’ हा शब्द येऊ देऊ नका. घाईत तो आपल्याच हातून लिहिला जातो, आणि मग गुन्हा दाखल न होता नुसता दाखला हातात पडतो. ‘ही हद्द आमची नाही’ असं ऐकायला मिळालं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला सांगा. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेतली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, आमच्याकडे तीच हरवायची.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चोर पकडणे

रात्री अडीचला ‘चोर आले’ हा मेसेज कोण वाचणार? ग्रुप म्यूटवर आणि माणसं झोपेत. सकाळी उठून चाळीस जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतात. रात्री लागतो तो वाजणारा फोन. अनेक जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. तिच्यात आपण फोनवर बोललेला निरोप नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांना एकाच वेळी कॉल म्हणून जातो. तिथेही चूक एकच होते, लोक नुसतं ओरडतात. नाव, जागा, काय दिसलं, कुठल्या दिशेने गेले, एवढं सांगा आणि थांबा.

११२ ला फोन लावलात तर तो तुमच्या ठाण्यात वाजत नाही, राज्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो. तिथल्या माणसाला ‘पिंपळगावातून बोलतोय, मारुतीच्या देवळामागं’ हे सांगून काय कळणार? पिंपळगावं महाराष्ट्रात किती, आणि मारुतीशिवाय गाव कोणतं? आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि वस्ती. ठाणे अंमलदार आणि बीट अंमलदार (आपल्या भागाचा पोलीस) यांचे नंबर कागदावर लिहून पिठाच्या गिरणीत चिकटवा. तिथे सगळ्यांचं जाणं असतं.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात. वेशीवरच्या कॅमेऱ्यापुढे वाढदिवसाचा फ्लेक्स नको. भिंगाभोवतीची कोळिष्टकं महिन्यातून एकदा काढा, रात्री ती पांढरी चमकतात आणि गाडीचा नंबर दिसत नाही. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या पेटीचं) घड्याळ बरोबर आहे का बघा, आणि त्याला इन्व्हर्टर द्या. चोरी झाली की चित्रण त्याच दिवशी काढून घ्या, नाहीतर त्यावर नवं चढतं.

पकडण्याची हौस

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना लोकांनी पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूरकडचे. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. टाळेबंदीत सुरतेकडे अंत्यविधीला निघाले होते. तिथेही चोर आणि मुलं पळवणाऱ्यांची अफवा होती आणि गावं रात्रीची जागत होती. गडचिंचलेची गोष्ट गस्त घालणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी, कारण तिथे जमलेली माणसं आपल्यासारखीच गाव राखायला जमली होती.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी होती, तेव्हा आमच्याकडेही एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला तिघांनी घेरलं. तो शेजारच्या तालुक्यातला जनावरांचा डॉक्टर निघाला, अडलेल्या गाईकडे चाललेला. एकाने काठी उचललीच होती.

सामान्य माणसाला कुणाला धरता येतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. गुन्हा अजामीनपात्र आणि दखलपात्र हवा, आणि तो तुमच्या समोर घडलेला हवा. नाहीतर माणूस न्यायालयाने फरार घोषित केलेला हवा. धरल्यावर विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ‘नाव नीट सांगेना’ हा गुन्हा नाही. हात उचललात तर आरोपी तुम्ही. आमच्या दलाचा नियम आता एवढाच आहे: बघायचं, लिहायचं, कळवायचं. त्या रात्रीनंतर काठ्याही ग्रामपंचायतीत कुलपात ठेवल्या.

पाल ठोकून राहिलेल्यांवर पहिला संशय घेणं हीदेखील चूकच. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पारावरच्या गप्पांतून अजून गेलेला नाही. शिवाय विहीर कुणाची, मोटार कितीची, मालक परगावी कधी जातो, हे पालातल्या माणसाला कुठून कळणार? ते गावातल्याच माणसाला माहीत असतं.

वही नाही

ही चूक सगळ्यात क्षुल्लक वाटते. दहा रुपयांची वही, दोरीने बांधलेलं पेन. प्रत्येक पाळीने वेळ, जागा आणि दिसलेल्या गाडीचा नंबर लिहायचा, काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहायचं. आमच्या वहीत एका पिकअपचा नंबर बारा दिवसांत तीनदा आला, तीन वेगळ्या पाळ्यांच्या अक्षरात, प्रत्येक वेळी पहाटे तीनच्या सुमारास, पाणंदीच्या तोंडाशी. कुणालाच एकट्याला त्यात काही वाटलं नव्हतं. पोलीस पाटलांनी ती पानं बीट अंमलदारांना नेऊन दाखवली. गाडी आमच्याच गावातल्या एकाच्या मेहुण्याची होती.