वर्गात चांगलं बोलायला, वागायला शिकवताय? या चुका टाळा

"सर, तू काल काऊन नाई आला?"

तिसरीतल्या एका पोरानं शाळेच्या फाटकातच मला हे विचारलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या खेड्यात मी तेव्हा नवा होतो. मी स्वतः वऱ्हाडातलाच, घरी आईला आणि बाबांना तू म्हणतच वाढलेला. पण डी.एड. करून आलो होतो, आणि शिक्षकाला तू म्हणणं म्हणजे उद्धटपणा, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू नाही, तुम्ही म्हणायचं. एवढी अक्कल नाही का?" पोरगं खाली मान घालून वर्गात गेलं. त्यानंतर चार-पाच दिवस ते माझ्याशी एक शब्द बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात हजेरीच्या कामासाठी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर त्याची आजी तूर निवडत बसली होती. मला पाहून ती उठायला लागली, तसा तो आतून धावत आला. "आजी, तू बस. तुये पाय दुखतेत ना? मी आनतो सरले पानी." तांब्या घेऊन आला, आधी मला दिला, मग आजीच्या हाताशी पेला ठेवला. त्या एका 'तू'मध्ये जेवढी माया होती, तेवढी माझ्या अख्ख्या 'तुम्ही'च्या धड्यात नव्हती. फाटकात त्यानं मला विचारलं होतं ते काळजीनं. मी कालच्या दिवशी दिसलो नव्हतो, एवढंच.

त्या दिवसापासून मी ही गोष्ट प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

बोलीला उद्धटपणा समजणं

वऱ्हाडीत तू हा अपमान नाही. 'बे' ही शिवी नाही. "मले पेन दे न बे" असं म्हणणारं पोर मित्राला हक्कानं मागतंय. आपण त्याला "हे काय बोलणं झालं?" म्हणून टोकतो, तेव्हा त्याच्या कानावर पडतं ते असं, की माझी आई जशी बोलते ते घाण आहे. मग दोनच गोष्टी होतात. काही मुलं गप्प होतात आणि आपण त्यांना शहाणी समजतो. काही मुलं शाळेत एक आणि फाटकाबाहेर दुसरंच बोलायला लागतात, आणि चांगलं बोलणं म्हणजे मास्तरांसमोरचं नाटक, हे त्यांच्या मनात घट्ट होतं.

मग तुम्ही म्हणायला शिकवायचंच नाही का? शिकवायचं, जरूर शिकवायचं. उद्या हेच पोर बँकेत जाईल, तालुक्याच्या दवाखान्यात जाईल, तिथं त्याला ते लागणार आहे. फक्त घरचं बोलणं पुसून त्या जागी दुसरं लिहायचं नाही. आमच्या वर्गात आम्ही खेळ खेळतो. एक टेबल म्हणजे बँक. एक जण साहेब, एक जण पासबुक घेऊन आलेला. पुढच्या वेळी तेच टेबल एसटीतल्या कंडक्टरची जागा होते. मुलं 'तुम्ही', 'जरा सांगता का', 'थांबतो' हे सगळं हसत-खेळत उचलतात. तिकडे कुणी तू म्हणालं तर दुसरंच पोर सांगतं, "अबे, हे बँक हाय!"

यापेक्षाही जास्त उपयोग झाला तो आवाजाच्या खेळाचा. वाक्य एकच घ्यायचं, "सरक ना बे." एकानं ते कोपर मारून, दात-ओठ खाऊन म्हणायचं. दुसऱ्यानं तेच खांद्यावर हात ठेवून म्हणायचं. मग वर्गाला विचारायचं, कोणासाठी सरकाल? पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "सर, पयल्यात मले राग येते, दुसऱ्यात हासू येते." शब्द तोच होता. फरक कुठं आहे हे आठ वर्षांच्या पोरीला कळलं, आणि तिनं ते स्वतःच्या बोलीत सांगितलं.

मेळघाटात शिकवत असाल, किंवा कोलाम-गोंड पाड्यांवर, तर आणखी जपून. कोरकू, कोलामी, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. "हो", "नाही", "दे" एवढंच म्हणणारं मूल तुसडं नसतं, त्याच्याकडे अजून तेवढेच मराठी शब्द असतात. तुमच्याकडे लहान भावाला लाडानं काय म्हणता, पाहुणा आला की काय म्हणता, हे त्यालाच विचारा आणि ते शब्द सगळ्या वर्गाला म्हणायला लावा. ज्या दिवशी वर्ग त्याची भाषा बोलतो, त्या दिवशी ते मूल वर्गाशी बोलायला लागतं.

परिपाठ झाला की संस्कार झाले असं मानणं

रोज सकाळी पोरं प्रतिज्ञेत म्हणतात, "प्रत्येकाशी सौजन्याने वागेन." दहा मिनिटांनी वर्गात जाताना चप्पल ठेवण्याच्या जागेवरून धक्काबुक्की. आपण चिडतो, "आत्ताच काय म्हणालात?" पण सौजन्य म्हणजे काय, हे आपण कधी दाखवलंय का? मी एकदा विचारलं तेव्हा अर्ध्या वर्गाला तो शब्दच माहीत नव्हता. पाठ मात्र सगळ्यांना होता.

आता शनिवारी आम्ही एकच प्रश्न घेतो: या आठवड्यात तुझ्याशी कोण चांगलं वागलं? आपण स्वतः काय चांगलं केलं, हे विचारायचं नाही. ते विचारलं की बढाया सुरू होतात, खोटंही बोललं जातं. दुसऱ्यानं केलेलं सांगायचं. "यानं मायं दप्तर पावसातून आनलं." ज्याचं नाव येतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनातही लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. सुविचाराच्या फळ्यासमोर उभा राहिलो की मला ते आठवतं. फळा रोज बदलतो, पण सांडलेली खिचडी उचलायला मी वाकतो का, हे मुलं बघत असतात.

फळ्यावर नावं लिहायला लावणं

शिक्षक कार्यालयात गेले की मॉनिटर खडू घेतो, बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो, नावापुढे फुल्या मारतो. आपण सगळे याच पद्धतीत शिकलो, म्हणून ती बिनधोक वाटते. तिच्यातून मुलं शिकतात चुगली, वशिला आणि सूड. मॉनिटरच्या मित्राचं नाव कधीच फळ्यावर येत नाही, हे पहिलीच्या पोरालाही कळतं. मी ही पद्धत बंद केली. पहिले आठ दिवस गोंगाट वाढला, हे खरं. मग वर्गालाच विचारून काम वाटून दिलं: मी नसताना कोणती रांग काय वाचेल, कोण कोणाला गणित समजावेल. हात रिकामे नसले की बडबड आपसूक कमी होते.

टोकायचं असेल तर जवळ जाऊन, हळू आवाजात, एकट्याला. चारचौघात टोकलेलं पोर चूक विसरतं आणि अपमान लक्षात ठेवतं.

"चल, सॉरी म्हण"

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुलं लाकडी बैल सजवून शाळेत आणतात. एका वर्षी ओढाओढीत एका मुलीच्या बैलाचं शिंग मोडलं. बैल तिच्या आजोबांनी तासून केलेला होता. मी सवयीनं म्हणालो, "सॉरी म्हण तिला." पोरानं तिच्याकडे न बघता "सॉरी" टाकलं आणि पळायला निघालं. ती तशीच मोडकं शिंग मुठीत धरून उभी.

मी दोघांना व्हरांड्यात बसवलं. आधी तिला विचारलं, काय झालं ते सांग. तिनं आजोबांचं सांगितलं, घरोघरी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला जायचं होतं ते सांगितलं, आणि आता मोडक्या बैलाला कोण बोजारा देणार म्हणून रडायला लागली. तो ऐकत होता. मग त्याला विचारलं, तुझ्याकडून काय झालं? "माया हातून जोरात वढल्या गेलं." आता काय करता येईल? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "फेविकॉल हाय का सर?" कार्यालयातून डबी आणली. त्यानं शिंग चिकटवलं, वाळेपर्यंत बोटांनी दाबून धरलं, वर लाल दोरा गुंडाळला. सॉरी तो पुन्हा म्हणाला नाही. संध्याकाळी मात्र ती दोघं एकत्रच बोजारा मागत फिरत होती.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: ज्याला लागलं त्यानं आधी बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं, आणि मग दुरुस्त काय करता येईल ते चूक करणाऱ्यानंच सुचवायचं. पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्या. अभ्यासक्रम तेवढ्यानं मागे पडत नाही.

शिवी ऐकू आली की

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे "काय म्हणालास? पुन्हा म्हण सगळ्यांसमोर!" त्यानं शिवी अख्ख्या वर्गाला पाठ होते. लहान मुलांना बहुतेक शिव्यांचा अर्थही ठाऊक नसतो, पारावर ऐकलं ते आलं तोंडात. चेहरा शांत ठेवून "हा शब्द आपल्या वर्गात नाही" एवढंच म्हणा, आणि राग कशाचा होता ते विचारा. रागाला शब्द द्यावा लागतो. "मले राग आला, मायी वही दे" हे म्हणता येत नाही म्हणून शिवी येते.

जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून चिडवलं तर मात्र ते पोरखेळ म्हणून सोडू नका. आधी ज्याला लागलं त्याच्याजवळ जा. त्याच दिवशी बोला, मुख्याध्यापकांना सांगा, आणि दोन्ही घरी तुम्ही स्वतः जा. 'काया' (काळा), 'लंगड्या' अशी टोपणनावं हजेरी घेताना आपल्या तोंडून सहज निघतात. ती आधी आपण थांबवायची.

भांडणाची वेळ न बघणं

एक आठवडा कोणती भांडणं कधी आणि कुठं झाली ते वहीत लिहून बघा. माझ्या वहीत दोनच जागा निघाल्या: हातपंप आणि खिचडीची रांग. ताटं धुवायला एकच नळी आणि शंभर पोरं. रांगा पाडल्या, इयत्तेप्रमाणे वेळ वेगळी केली, निम्मी भांडणं मिटली. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही शेवटच्या तासाला मुलं चिडचिडी होतात. पारा ४४-४५ अंशांवर जातो तिथं आधी पाणी पाजा, मग बोला.

"उद्या बापाला घेऊन ये"

हे वाक्य आपल्या भागात कधीही उच्चारू नका. कर्जापायी ज्या घरातला बाप गेला, अशी घरं आपल्या गावांत आहेत, आणि त्या घरातलं पोर तुमच्या वर्गात बसलेलं असू शकतं. "घरचं कोणीतरी" म्हणा. तेही वेचणीच्या दिवसांत नको. कापूस वेचणाऱ्या आईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि त्याचा राग पोरावर निघतो. आठवडी बाजारात भेटा, संध्याकाळी घरी जा. आणि पहिल्या भेटीत तक्रार नेऊ नका, पोराचं एखादं चांगलं काम सांगा. पुढच्या वेळी तुमचं ऐकलं जाईल.

आपलं बोलणं मोजायचं राहून जाणं

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रासालाही मनाई करतं. छडी बहुतेकांनी खाली ठेवली. 'ढ', 'गाढवा', 'तुझ्या बापानं कधी शाळा पाहिली का' हे अजून चालू आहे. हे बोलणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात गोड बोलण्याचा कोणताही उपक्रम चालणार नाही.

आणि एक बारीक गोष्ट. केंद्रप्रमुख आले की आपण उभे राहतो, "या साहेब" म्हणतो. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मात्र "ए बाई, झालं का?" मुलं दोन्ही ऐकतात. कोणाशी कसं बोलायचं हे ती नेमकं इथंच शिकतात, आणि नंतर दुबळ्या पोरावर तेच वापरतात. मी ताईंना नावानं, 'ताई' लावून हाक मारायला लागलो. महिन्याभरात ताट पुढे करताना पोरं "ताई, थोडी देजा" म्हणायला लागली. मी त्यांना तसं एकदाही सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर सगळं विसरल्यासारखं वाटलं तर

तसं वाटतंच. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा. मुलं रुळेपर्यंत पोळा येतो, आणि जरा घडी बसली की दिवाळीची सुट्टी. सुट्टीत मुलं शेतात, लग्नघरी, मामाच्या गावाला असतात. परत येतात ती पुन्हा ढकलाढकली करत. हे अपयश समजून ओरडायला लागू नका. मी सुट्टीनंतरचे पहिले तीन दिवस पुस्तक उघडत नाही. बँकेचा खेळ, "सरक ना बे" चा खेळ, शनिवारचा प्रश्न, सगळं पहिल्यापासून. यंदा तिसऱ्या दिवशी एक पोर खिडकीतून डोकावून म्हणालं, "सर, तुमी सुट्टीत कुटं गेलते?" आणि लगेच जीभ चावून, "तू म्हनू का तुमी?" मी म्हणालो, "तुला जे येतं ते म्हण, आत ये आणि बस."