एमजीबीला शॉकअप कुठले घ्यावेत, लिव्हरवालेच की नळीवाले?

उन्हाळा आला की इथे इंग्लंडमध्ये आपल्यापैकी कुणी ना कुणी जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ती छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतं आणि महिन्याभरात मला फोन येतो, काका गाडी खड्ड्यातून गेली की पाळण्यासारखी झुलते, शॉकअप कुठले टाकू. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं की चारी बाजूंना नळीवाले (आजच्या गाड्यांना असतात तसे लांबट नळकांड्याचे) अॅडजस्टेबल, म्हणजे कडक-मऊ करता येणारे, टाकायचे, माझ्याकडून फक्त हो हवं असतं. माझं उत्तर मात्र दरवेळी, आधी गाडीखाली जाऊन बघ.

१९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला बनलेल्या या गाडीला कंपनीचे आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले शॉकअप असतात. म्हणजे तेलाने भरलेला एक डबा, आत पिस्टन आणि व्हॉल्व्ह, बाहेर दांडा, चाक हललं की दांडा हलतो आणि तेल बारीक वाटेने ढकललं जातं. मॉरिस मायनरलाही हाच प्रकार, ज्यांच्या घरी आजोबांची मायनर होती त्यांनी पाहिला असेल, फक्त तेव्हा त्याला शॉकअप म्हणतात हे ठाऊक नसेल.

आधी तपासायचं काय? एकेक कोपरा दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर तो शॉकअप थकलाय. पण ही टेस्ट अर्धवटच आहे. मागच्या शॉकअपची खालची लिंक, म्हणजे दांड्याला अॅक्सलशी जोडणारी कांडी, सोडवा आणि दांडा हाताने पूर्ण वर-खाली करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड लागला पाहिजे, मध्येच भसकन मोकळा गेला तर तेल कमी आहे किंवा हवा शिरलीये. असं असेल तर वरचा बोल्ट काढून तेल भरा, दांडा हळूहळू पंप करा, परत भरा, कधीकधी एवढ्यानेच काम होतं आणि खर्च एका बाटलीचा. तेल पातळच हवं, २० ग्रेडचं बाइकच्या फोर्कचं तेल चालतं. ब्रेक ऑइल कृपा करून घालू नका, सीलची वाट लागते. आणि पुढून खडखड येत असेल तर शॉकअपला शिव्या देण्याआधी खालच्या विशबोनचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दुहाती आर्मचे) रबरी बूश आणि किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंटा) बघा, माझ्या ७२ च्या रोडस्टरला पुढचं अर्धं दुखणं बूशचंच निघालं, एमजीबीच्याच जीटी व्ही-८ मॉडेलचे बूश टाकले आणि गाडी शहाणी झाली.

आता दांड्याच्या शाफ्टपाशी तेल गळतंय, भरलं तरी आठवड्यात परत गळतंय, तर मग बदलायचेच. साध्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला माझ्या मते नीट रिकंडिशन केलेले मूळचे लिव्हरवालेच घ्यावेत. पण "नीट" या शब्दात सगळं आलं. मी एकदा स्वस्त बघून जोडी मागवली, काळा रंग असा चकचकीत की हात लावायला जीव होईना, आणि दोन महिन्यांत गॅरेजच्या फरशीवर पुन्हा तेलाचं तळं. आत काहीच केलं नव्हतं, नवीन सील, नवीन तेल आणि वरून रंग. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा की शाफ्ट आणि त्याची बेअरिंग नवीन केलीत का, कारण झिजलेल्या शाफ्टवर नवं सील टिकत नाही. तो गुळमुळीत बोलला तर दुसरीकडे जा. थोडी कडक गाडी आवडत असेल तर त्याच डब्यात कडक व्हॉल्व्ह घालून मिळतो, बाहेरून काही कळत नाही.

नळीवाल्यांचं म्हणाल तर मागे बसवणं सोपं, ब्रॅकेटचा किट येतो. पण तिथे लांबी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी खाली दबली की आधी रबरी बंपस्टॉप लागला पाहिजे आणि चाक लोंबलं की आधी रिबाउंडचा पट्टा ताणला गेला पाहिजे, नळी दोन्हीकडे मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर सगळा धक्का ब्रॅकेटवर येतो. कुणी आधीच मागचे पाटे बदलून गाडी खाली बसवली असेल तर हे हमखास चुकतं. रबर बंपरवाल्या, म्हणजे ७४ च्या शेवटानंतरच्या गाड्या मुळातच इंच-दीड इंच उंच आहेत, त्यामुळे मित्राच्या क्रोम बंपरवाल्या गाडीला बसलेला किट तुम्हाला बसेलच असं नाही. एक्झॉस्टला घासत नाही ना तेही बघा. अॅडजस्टेबल असेल तर सगळ्यात मऊ सेटिंगवर सुरुवात करा, मूळच्या मऊ पाट्यांवर कडक शॉकअप म्हणजे बैलगाडी.

पुढे मात्र भानगड आहे. पुढच्या शॉकअपचा दांडा हाच वरचा विशबोन आहे, त्यामुळे तो नुसता काढून जागी नळी लावता येत नाही, किट एकतर जुना डबा फक्त बिजागरी म्हणून ठेवतात नाहीतर वरचं अख्खं बदलतात. ट्रॅकवर जात नसाल तर मी या वाटेला जाणार नाही.

बदलताना एक गोष्ट जिवाची. पुढचा शॉकअप सोडवण्याआधी गाडी अॅक्सल स्टँडवर घेऊन स्प्रिंगच्या खालच्या ताटलीखाली जॅक लावाच, कारण दांडा सुटला की त्या ताटलीला वर धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती दाबलेली स्प्रिंग उडाली तर हात जातो. बाकी काम सोपं, पुढे चार बोल्ट, मागे दोन बोल्ट आणि लिंक. मागचा डावा-उजवा वेगळा असतो, ऑर्डर देताना सांगा, आणि एका अॅक्सलची जोडीच बदला. नवीन शॉकअप बसवण्याआधी उभाच धरून दांडा दहा-बारा वेळा पूर्ण हलवा, पार्सलमध्ये आडवा पडून हवा वर-खाली झालेली असते. शंभरेक मैल चालवली की बोल्ट परत एकदा पान्याने बघून घ्या, माझे मागचे दोन्ही पाव आटा सैल झाले होते.